पश्चिमेची गच्ची आणि गुंडाळतं छप्पर: पुण्याच्या हवेत ऑनिंग टिकतं का?

पश्चिममुखी (धागाकर्ता) | ९ मार्च, रात्री १०:४०

मंडळी, बाणेरला दहाव्या मजल्यावर राहतो. हॉलला लागून १२ बाय ८ फुटांची उघडी गच्ची आहे, तोंड थेट पश्चिमेला. बिल्डरने 'सनसेट व्ह्यू' म्हणून जास्तीचे पैसे घेतले होते. हा सनसेट मार्च ते मे दुपारी अडीचला सुरू होतो आणि पावणेसातला संपतो. त्या वेळात हॉलची काच हाताला चटका देते आणि एसी नुसता घरघरतो.

पत्र्याची शेड टाकायला सोसायटी परवानगी देत नाही. शिवाय थंडीत तिथे सकाळी चहा घेऊन बसायला मजा येते, ते आभाळ घालवायचं नाही. म्हणून गुंडाळता येणारं ऑनिंग घ्यायचं मनात आहे: दोन कोपरवाले हात, वर कापड, हवं तेव्हा बाहेर, नको तेव्हा आत. दुकानदार म्हणतो, "साहेब, ऑल वेदर आहे. ऊन, वारा, पाऊस, काही टेन्शन नाही." एवढं ऐकल्यावरच टेन्शन आलं.

ज्यांच्याकडे दोन-तीन पावसाळे काढलेलं ऑनिंग आहे त्यांनी खरं काय ते सांगा. कापड कुठलं, मोटर की हँडल, आणि पावसाळ्यात त्याचं करायचं काय? आमच्या बाबांचं म्हणणं, ताडपत्री बांध आणि गप्प बस.

कोथरूडच्या काकू | ९ मार्च, रात्री ११:२५

आमच्याकडे सात वर्षं झाली. तळमजला, पूर्वेचं अंगण. उन्हासाठी अगदी सोनं आहे. पावसासाठी म्हणाल तर नाही म्हणजे नाहीच. पहिल्या वर्षी जुलैत हौसेने उघडं ठेवलं, खाली पाट मांडून वाल सोलत बसले. अर्ध्या तासात कापडाला मधोमध पोट आलं, माठाएवढं. ह्यांनी खालून झाडूच्या दांड्याने ढकललं, ते सगळं पाणी ह्यांच्याच डोक्यावर. हसू आवरेना, पण तेव्हापासून एका बाजूचा हात जरा वाकडाच बसतो.

दुसरं म्हणजे ओलं गुंडाळू नका. मी ओलं गुंडाळून आठ दिवस बहिणीकडे साताऱ्याला गेले. परत येऊन उघडलं तर काळे ठिपके. घासले, व्हिनेगर लावलं, फिकट झाले पण गेले नाहीत ते नाहीतच.

मीच_तो | १० मार्च, सकाळी ७:०२

बाबांना +१. बोहरी आळीत जा, ताडपत्री आणि नायलॉनची दोरी घ्या, दर दोन वर्षांनी फेका. धागा संपला.

पश्चिममुखी | १० मार्च, सकाळी ९:१५

@मीच_तो, दहाव्या मजल्यावर ताडपत्री रात्रभर कशी फडफडते ते ऐकायला या एकदा. खालचे नवव्या मजल्यावरचे आजोबा मला लिफ्टमध्ये ओळख देणार नाहीत.

फॅब्रिकेटर६७ | १० मार्च, दुपारी १:३०

या लाइनमध्ये वीस वर्षं झाली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. भाव इथे विचारू नका, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

कापडाकडे सगळे बघतात, भिंतीकडे कोणी बघत नाही. तुमचं माप धरलं तर कापड साधारण ९ चौरस मीटर. ताशी २५ किमीचा वारा त्यावर पूर्ण दाबाने आला तर अंदाजे २७ किलोचा जोर. वारा दुप्पट म्हणजे ५० झाला की जोर दुप्पट नाही, चौपट होतो: १०८ किलो. हा जोर भिंतीपासून सरासरी चार फुटांवर लागतो आणि त्याला धरून ठेवणारे बोल्ट एकमेकांपासून जेमतेम अर्धा फूट अंतरावर असतात. लांब पहारीने दगड उचकटतो तोच हिशेब. बोल्टांवर मिळून आठशे-नऊशे किलोची ओढ येते. वाऱ्याने वरून दाबलं तर वरचे बोल्ट उपसायला बघतात, खालून उचललं तर खालचे. दहाव्या मजल्यावर खालून उचलणारा वारा जास्त त्रास देतो, कारण तो भिंतीवर आपटून वर चढतो.

म्हणून ब्रॅकेट आरसीसी बीममध्येच. नव्या इमारतींच्या भिंती बहुतेक हलक्या ब्लॉकच्या असतात, साधा फास्टनर त्यात बिस्किटात खिळा मारल्यासारखा बसतो. बीम मिळतच नसेल तर भिंतीच्या आरपार बोल्ट आणि मागून प्लेट. केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायन भरून चिकटवलेला बोल्ट, काँक्रीटमध्ये उत्तम, पण भोक फुंकून साफ केलं नाही तर तोही धुळीलाच चिकटतो. माझ्या पाहण्यातलं एक ऑनिंग मे महिन्यात भिंतीसकट सुटलं होतं. कापड धड, हात धड, ब्रॅकेटला ब्लॉकचा तुकडा लोंबत. लावणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं होतं.

स्टुटगार्टचा पुणेकर | १० मार्च, संध्याकाळी ६:५०

इकडे घरोघरी ऑनिंग असतं, म्हणून चार शब्द. युरोपात यासाठी ईएन १३५६१ नावाचं मानक आहे, त्यात वाऱ्याचे वर्ग दिलेत. वर्ग १ म्हणजे ताशी २८ किमीपर्यंत, वर्ग २ म्हणजे ३८, वर्ग ३ म्हणजे ४९. त्यापुढे उघडं ठेवायचंच नाही. म्हणजे सर्वांत वरच्या वर्गातलं ऑनिंगसुद्धा वादळासाठी नाही, वादळाआधी बंद करण्यासाठी आहे. विक्रेत्याला 'ऑल वेदर' राहू दे म्हणावं, वर्ग कुठला ते कागदावर लिहून दे. माप वाढलं की त्याच मॉडेलचा वर्ग उतरतो, तेही विचारा.

पाण्याचेही दोन वर्ग आहेत. १४ अंशांच्या उतारावर, पाण्याचं तळं न साचता, वर्ग १ तासाला प्रति चौरस मीटर १७ लिटर झेलतो, वर्ग २ ५६ लिटर. प्रति चौरस मीटर १ लिटर म्हणजे १ मिमी पाऊस. १४ अंश म्हणजे चारास एक उतार, तुमच्या आठ फुटांना दोन फूट. मागचं टोक साडेनऊ फुटांवर लावलं तर पुढचं साडेसातवर येईल.

बाकी माझं मत दक्षिणेच्या बाजूलाच ऑनिंग लावावं. आमच्याकडे सगळे तेच करतात.

हवामानखुळा | १० मार्च, रात्री ९:१०

@स्टुटगार्ट, मानकाबद्दल आभार, पण दक्षिणेचा सल्ला तिकडेच ठेवा. पुणं साडेअठरा अक्षांशावर आहे. मेच्या मध्यात आणि जुलैच्या शेवटी सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो, आणि या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारी तो उत्तरेकडे असतो! उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीला दुपारी ऊन जवळजवळ लागतच नाही. तिथे ऊन आत येतं ते डिसेंबरात, सूर्य दुपारी ४८ अंशांवर असताना. आणि तेव्हा ते हवंच असतं. पुण्यात पोळते ती पश्चिमेची भिंत. धागाकर्त्याचं दुखणं खरं आहे.

पण एक कडू बातमीही आहे. मध्यान्ह आपल्याकडे साडेबारानंतर होते, त्यामुळे ऊन घड्याळाच्या मानाने उशिरापर्यंत रेंगाळतं. एप्रिलमध्ये साडेचारला सूर्य साधारण ३२ अंशांवर, साडेपाचला १८ वर. ऑनिंग आठ फूट बाहेर आणि पुढची कड सात फुटांवर असेल, तर साडेचारला भिंतीच्या खालच्या दोनच फुटांवर ऊन येतं. साडेपाचला ते साडेचार फुटांपर्यंत चढतं. म्हणजे तुमचा सोफा सव्वापाचला उन्हात. नुसत्या आडव्या कापडाने पश्चिम आवरत नाही. पुढच्या दांडीतून खाली सोडता येणारी झालर मिळते, जाळीच्या कापडाची, चार-पाच फुटांची. ती घ्या. आणि पुढची कड सात फुटांवरच ठेवा, साडेसात नको.

आता वळीव. तुमचा खरा शत्रू तो. जूननंतरचा मोसमी वारा निदान सांगून-सवरून येतो, पश्चिमेकडून, दिवसेंदिवस. वळवाच्या ढगातून गार हवा धाडकन खाली कोसळते, जमिनीवर आपटून चहूकडे पसरते आणि पावसाच्या पुढे धावत येते. आपल्याला आधी मातीचा वास येतो, गार झुळूक येते, आपण म्हणतो वा! ती झुळूक म्हणजेच पहिली धोक्याची घंटा. पुढच्या काही मिनिटांत धुळीचा लोट, मग झाडांच्या मोठ्या फांद्या हलायला लागतात. मोठ्या फांद्या हलल्या की वारा चाळिशीच्या पुढे गेला, म्हणजे तुमचा वर्ग २ संपला.

आता गंमत बघा. आमच्याकडे वळीव बहुतेक वेळा पूर्वेकडून, हडपसरच्या अंगाने काळं करत येतो. तुमची गच्ची पश्चिमेला. तुमच्यासमोर लख्ख ऊन असणार आणि ढग इमारतीच्या मागे! दिसणारच नाही. 'दामिनी' अॅप टाकून घ्या, इथल्याच पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने केलेलं आहे. आसपास २० आणि ४० किमीत वीज पडतेय का ते कळतं. ४० च्या वर्तुळात ठिपके दिसले की चहा ठेवायच्या आधी ऑनिंग आत.

(अवांतर: माझे आजोबा शिवाजीनगरच्या 'सिमला ऑफिसा'त, म्हणजे हवामान खात्यात, नोकरीला होते. घरात पंखा लावायच्या आधीही ढग बघायची पद्धत होती.)

पश्चिममुखी | ११ मार्च, सकाळी ८:२०

खुळेसाहेब, साष्टांग नमस्कार. ढग इमारतीच्या मागे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे वाऱ्याचा सेन्सर लागणार. त्यावर कोणी बोलेल का? आणि कापड?

फॅब्रिकेटर६७ | ११ मार्च, दुपारी २:०५

सेन्सर दोन प्रकारचे. एक भिंतीवर वाट्यांचा, भिरभिऱ्यासारखा, वाऱ्याचा वेग मोजतो. दुसरा पुढच्या दांडीवर चिकटवायचा, दांडी किती हादरते ते बघतो. उंच इमारतीत मी दुसरा सुचवतो. भिरभिरं भिंतीच्या आडोशाला बसलं तर त्याला शांत वाटतं आणि पुढे कापड फाटत असतं. दांडीवरच्याला सेल लागतात. काही मॉडेलांत सेल संपले की ऑनिंग आपोआप आत जातं. लोक समजतात बिघडलं, आणि मला बोलावतात.

पण सेन्सर म्हणजे मोटर आली, आणि मोटर म्हणजे लाइट आली. वळवात पहिली कोण जाते? मग सेन्सर, रिमोट, सगळं बाहुल्यासारखं बघत बसतं. म्हणून दोन गोष्टी. मोटर दोन-तीनशे वॉटचीच असते, तिचा पॉइंट घरच्या इन्व्हर्टरवर घ्या, साइन वेव्हचा असेल तर बरं. आणि हाताने फिरवायची सोय असलेलीच मोटर घ्या. मात्र आधीच सांगतो, मोटरवाल्याचं हँडल साध्या हँडलवाल्यापेक्षा कितीतरी जास्त फेरे मागतं. निवांत बंद करायला ठीक आहे, घाईत दमछाक होते.

पोरांना रिमोट देऊ नका. सलग तीन-चार मिनिटं वर-खाली केलं की आतली मोटर गरम होऊन स्वतःच थांबते. थंड झाली की परत चालते. दिवाळीत पाहुण्यांना दाखवताना हमखास हे होतं.

दिवाळीवरून आठवलं. रॉकेटची ठिणगी! ठिणगी पडली की ॲक्रिलिक तिथे वितळतं, आणि नेमकं वाटाण्याएवढं भोक पडतं. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ऑनिंग आत.

स्टुटगार्टचा पुणेकर | ११ मार्च, रात्री ११:४०

दक्षिणेबद्दल माघार. आमच्याकडे सूर्य इतका वर येतच नाही, विसरलोच.

नऊवारी_ते_जीन्स | १२ मार्च, सकाळी १०:३०

कापडाबद्दल मी सांगते, माझा व्यवसाय फर्निशिंगचा आहे.

बाहेर टिकणारं कापड म्हणजे ॲक्रिलिक, तेही रंग धाग्यातच असलेलं. यात सूत काढायच्या आधीच रंग मिसळतात, म्हणजे मुळ्यासारखं वरून लाल आत पांढरं नाही, गाजरासारखं आरपार एकच. म्हणून ऊन खाऊनही रंग उडत नाही. ते श्वास घेतं, खाली गरम हवा कोंडत नाही. पाणी त्याच्यावर मोत्यासारखं घरंगळतं, पण लक्षात ठेवा, ते पाणी झटकणारं आहे, पाणी अडवणारं नाही. जोराच्या सरीत बारीक तुषार खाली येतात.

पीव्हीसी चढवलेलं पॉलिस्टर पाणी पूर्ण अडवतं, पण जड असतं, खाली उकडतं, आणि काही वर्षांनी आपल्या उन्हात कडक होऊन घड्यांवर तडकतं. साधं छापील पॉलिस्टर स्वस्त पडतं. दोन उन्हाळ्यांत त्याचा मरून रंग विटकरी होतो, मग गुलाबी. लक्ष्मी रोडवरून वर बघत चाला, कुठल्या दुकानाने काय घेतलं ते कळेल.

आणि शिलाई! कापड दहा वर्षं टिकतं, दोरा आधी जातो. शिवण कापडाच्या वर असते, सगळं ऊन तीच खाते. पीटीएफई (टेफ्लॉन) दोऱ्याची शिलाई मागा, महाग आहे पण उन्हाने सडत नाही. किंवा शिवणीऐवजी चिकटवलेले जोड.

मार्च-एप्रिलमध्ये आठवड्यातून एकदा कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका. बाणेरला बांधकामाची धूळ किती ते तुम्हाला सांगायला नको. तशीच गुंडाळली तर आत पॉलिशपेपरसारखी घासत राहते. कबुतरांचं काही दिसलं तर त्याच दिवशी कोमट पाण्याने धुवा. वॉशिंग पावडर नको, पाणी झटकणारा थर निघून जातो.

काकू_नव्हे_आजी | १२ मार्च, दुपारी ४:५०

आमच्या लहानपणी नारायण पेठेत पश्चिमेच्या खिडक्यांना वाळ्याचे पडदे असत. चारला बादलीभर पाणी शिंपडायचं. मोटर नाही, सेन्सर नाही, वरून सुगंध.

मीच_तो | १२ मार्च, संध्याकाळी ५:०१

आजींना +१००. आता तरी धागा संपला का?

पश्चिममुखी | १४ मार्च, रात्री १०:०५

नाही संपला. पावसाळ्याचा निकाल लागायचाय. जून ते सप्टेंबर सरळ बंदच ठेवायचं का? चार महिने गुंडाळून बुरशी नाही येणार?

हवामानखुळा | १४ मार्च, रात्री १०:५०

आकडा बघा. तुमच्या ९ चौरस मीटरवर १० मिमी पाऊस म्हणजे ९० लिटर, म्हणजे ९० किलो पाणी. उतार असला तर वाहून जातं, पण ओलं ॲक्रिलिक थोडं ताणतं, पोट धरतं, आणि एकदा पोट धरलं की पाणी आणखी पाणी बोलावतं. काकूंचा माठ! आणि हे १० मिमी वळवात दहा मिनिटांत पडू शकतात. दर काढला तर तासाला ६० मिमी, मानकाच्या वरच्या वर्गाच्याही पलीकडे. २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आठवा, आंबिल ओढ्याच्या पुराची. तसल्या पावसात कापडाचं छप्पर म्हणजे पाण्याला दिलेली झोळी.

जुलैची बुरबुर त्यामानाने निरुपद्रवी, वजन नाही, वारा बेताचा. पण ती आठ-आठ दिवस कापड वाळूच देत नाही. त्यामुळे पावसाळा बंद, हेच बरं.

कोथरूडच्या काकू | १५ मार्च, सकाळी ६:४५

बुरशीचं मी सांगते. मेअखेर दोन दिवस कडक ऊन बघून पूर्ण उघडायचं, खणखणीत वाळलं की गुंडाळायचं. पावसाळ्यात उघडीप मिळेल तेव्हा तासभर वारा दाखवायचा, उन्हाळी वाळवणासारखा. श्रावणात ऊन-पावसाचा खेळ असतो तेव्हा दारातून हलायचं नाही. चुकून भिजलंच तर दोन-तीन दिवसांच्या आत उघडून वाळवा. आणि पूर्ण पेटीवालं घ्या, ज्यात कापड आणि हात दोन्ही बंद होतात. आमचं उघडं आहे, वरून कावळे पळी-पंचपात्र लपवल्यासारखे काय काय खुपसून ठेवतात. मागच्या वर्षी चक्क एक मोजा निघाला.

फॅब्रिकेटर६७ | १५ मार्च, दुपारी १:१५

पावसासाठी दाराच्या डोक्यावर तीन फुटांची पक्की पॉलिकार्बोनेट शीट, सोसायटी परवानगी देते का विचारा. झड अडते, दार फुगत नाही. तिच्या खाली ऑनिंगची पेटी बसवली की पेटीही कोरडी. उन्हाचं काम कापडाला, पावसाचं शीटला. एकाच गड्याला दोन्ही कामं सांगितली की तो एकही धड करत नाही.

पश्चिममुखी | १५ मार्च, रात्री ९:३०

ठरलं. बीममध्ये केमिकल अँकर, पूर्ण पेटी, गाजर-ॲक्रिलिक, पुढे झालर, हँडलची सोय असलेली मोटर, दांडीवरचा सेन्सर, वर तीन फुटांची शीट. विक्रेत्याने वर्ग २ कागदावर लिहून दिला, चेहरा जरा उतरला. कमिटीने शीटला परवानगी दिली, अट एकच, रंग पांढरा. बसवून झालं की कळवतो. सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवलीय.

पश्चिममुखी | ६ मे, रात्री ११:१०

धागा वर काढतोय, अपडेट द्यायचंय.

एप्रिल झकास गेला. चारला काच हाताला कोमट लागते, चटका नाही. झालर सोडली की सहापर्यंत सोफ्यावर बसता येतं. एसी आता रात्रीच लावतो.

आज वळीव आला. मी हिंजवडीत, 'दामिनी' मीटिंगमध्ये म्यूट. घरी फक्त बाबा. ढग अर्थातच इमारतीच्या मागून आले, समोर ऊन होतं आणि बाबा ऑनिंगखाली पेपर वाचत होते. गार वारा सुटला तेव्हा त्यांनी वा म्हटलं. दांडी हादरली, सेन्सरने मोटर सुरू केली, ऑनिंग दीड-दोन फूट आत आलं आणि लाइट गेली. इन्व्हर्टरवर पॉइंट घ्यायचं काम इलेक्ट्रिशियन 'पुढच्या रविवारी' म्हणत महिनाभर टाळतोय, आणि मीही त्याच्या मागे लागलो नाही.

बाबांनी हँडल लावलं आणि फिरवायला सुरुवात केली. वय ७४. गारा सुरू झाल्या तेव्हा जवळपास दोन फूट कापड बाहेर होतं. फाटलं नाही, हात सरळ आहेत, बोल्ट जागचे हललेले नाहीत. गारा लहान होत्या हेही खरं. कापड ओलं आहे, उद्या सकाळी उघडून वाळवणार.

कोथरूडच्या काकू | ६ मे, रात्री ११:२२

बाबा बरे आहेत ना? खांद्याला तेल लावा, कोमट करून.

फॅब्रिकेटर६७ | ७ मे, सकाळी ८:००

रविवारची वाट बघू नका, मी माणूस पाठवतो. व्यनि पाहा. फेरे किती झाले, विचारलंत का त्यांना?

पश्चिममुखी | ७ मे, सकाळी ८:३५

विचारलं. म्हणाले, तीनशे चाळीसपर्यंत मोजले, मग गारा आल्या. आणि म्हणाले, ताडपत्रीला एवढे फेरे लागत नाहीत.